फुल इन्शुरन्समध्ये नक्की काय फुल असतं? (गव्याची धडक, बिल २ लाख ९२ हजार)

रंकाळ्याचा_वारा (कोल्हापूर)

मंडळी, डोकं फिरलंय म्हणून लिहितोय. लांबलंय, पण वाचा. प्रश्न शेवटी आहे.

जानेवारीत कणकवलीहून कोल्हापूरला येत होतो, फोंडा घाटानं. मी, बायको आणि मागं आई. घाट चढून दाजीपूर सोडलं, रात्रीचे साडेदहा वाजून गेलेले, आणि वळणावर रस्त्याच्या मधोमध गवा. ज्यांनी रात्री गवा बघितलाय त्यांना सांगायला नको, अंग इतकं काळं की डोळे चमकेपर्यंत दिसतच नाही. ब्रेक दाबला, तरी बसायची ती धडक बसलीच. पुढच्या दोन्ही एअरबॅग उघडल्या, गाडी बंद पडली. आम्ही तिघंही धड होतो. गवा पण उठला, आमच्याकडं एकदा बघितलं आणि धा पावलांवर जाऊन उभा राहिला. पळाला नाही! मागं झाडीत अजून हालचाल होती. मोबाईलला रेंज नाही. चावी बंद करून परत फिरवली तर गाडी चालू झाली. आता सत्तरीच्या आईला घेऊन तिथं बसून राहायचं होतं का? पहिला दिवा दिसेपर्यंत हळूहळू नेली, चारेक किलोमीटर. टपरीपाशी थांबलो तेव्हा बोनेटमधनं वाफ येत होती. रेडिएटर धडकेतच फुटला होता.

गाडी १२०० सीसी, पेट्रोल, चौथं वर्ष चालू. पॉलिसी कॉम्प्रिहेन्सिव्ह, म्हणजे स्वतःच्या गाडीचं नुकसानही धरणारी. एजंट दर वर्षी सांगतो, "साहेब, फुल इन्शुरन्स आहे, बिनधास्त फिरा." बिनधास्त फिरलो, आता हिशेब बघा.

बंपर, जाळी, हेडलाईट वगैरे प्लॅस्टिक ४२ हजार, त्यातले निम्मे कापले. हेडलाईटवरून तर वादच झाला. मी म्हटलं काचेला घसारा (वापरानं घटलेली किंमत म्हणून होणारी कपात) नाही असं तुमच्याच पॉलिसीत लिहिलंय. नुकसान तपासायला आलेल्या सर्व्हेअरनं फुटका तुकडा उचलून नखानं टकटक वाजवून दाखवला, "ही काच नाही, पॉलिकार्बोनेट आहे." पुढची मोठी काच मात्र पूर्ण दिली, ९ हजार. बोनेट, फेंडर, रेडिएटर, कंडेन्सर मिळून ५६ हजार, त्यातले पंचवीस टक्के गेले. पेंटिंग २२ हजार, त्यात २,७५० ची कात्री. मजुरी २१ हजार, ती पूर्ण दिली. ऑईल, कूलंट, एसीचा गॅस असलं किरकोळ ६ हजारांचं, त्याला शून्य. वरून १,००० डिडक्टिबल, म्हणजे क्लेममधली आपणच सोसायची ठरलेली रक्कम.

आणि एअरबॅग. ६२ हजार, मिळाले ३१. जी वस्तू एकदाच उघडते आणि उघडेपर्यंत नवीच असते, तिचा घसारा कसला? जीव वाचवायची वस्तू टायर-बॅटरीच्या रांगेत नेऊन बसवलीय.

पण खरा फटका इंजिनचा आहे. गरम होऊन हेड गॅस्केट गेलं, हेड वाकलं. ७४ हजार. कंपनीचं म्हणणं: अपघातानंतर दुरुस्ती न करता गाडी चालवली, त्यामुळं वाढलेलं नुकसान तुमच्या जोखमीवर. एक रुपया नाही. रिपोर्टमध्ये "अंदाजे ९ किमी चालवली" असं आहे म्हणे. हे ९ कुठून आले देव जाणे, मला कुणी विचारलंही नाही.

मंजूर झाले १,४२,२५०. माझ्या खिशातनं १,४९,७५०. कोल्हापूरपर्यंत टोइंगचे ६,५०० झाले, त्याचे १,५०० दिले. ३५ टक्के नो क्लेम बोनस (क्लेम न केल्याबद्दल प्रीमियममध्ये सूट) होता, तोही पुढच्या वर्षी शून्यावर.

प्रश्न एवढाच: यातल्या कशासाठी भांडण्यात अर्थ आहे? का गप पैसे भरून गाडी घेऊन यायची? गाडी अजून वर्कशॉपातच आहे.

ठाण्याचा_ट्रॅफिक

झिरो डेप (घसारा न कापणारं ॲड-ऑन, म्हणजे जादा कव्हर) नव्हतं का? पाच वर्षांच्या आतल्या गाडीला ते न घेणं म्हणजे हौस. हे बंपर टू बंपर (झिरो डेपचंच दुसरं नाव) असतं तर निम्मं रडगाणं वाचलं असतं.

रंकाळ्याचा_वारा

भावा, पहिली तीन वर्षं होतं. चौथ्या वर्षी एजंटनं "प्रीमियम कमी करून देतो" म्हणून काढलं, आणि काढल्याचं सांगितलं नाही. व्हॉट्सअपवर फक्त रक्कम आणि लिंक. पॉलिसीच्या पीडीएफमध्ये ॲड-ऑनचा रकाना कोरा आहे, तो बघून कळायचं म्हणे. आणि झिरो डेप असतं तरी ते ७४ हजार आले असते का?

निवृत्त_सर्व्हेअर (सांगली)

ते आले नसते, बरोबर आहे तुमचं. झिरो डेप फक्त घसाऱ्यापुरतं असतं. इंजिन प्रोटेक्ट नावाचं ॲड-ऑन असतं तरी बहुतेक पॉलिसींत ते पाणी शिरलं किंवा ऑईल गळालं तरच लागू होतं, कूलंट जाऊन तापलेल्या इंजिनला नाही.

मी बरीच वर्षं हेच काम केलं आहे, म्हणून सरळ सांगतो. घसाऱ्यासाठी भांडू नका. प्लॅस्टिक, रबर, नायलॉन, टायर, बॅटरी आणि एअरबॅग ५० टक्के, फायबर ग्लास ३० टक्के, काच शून्य. धातूला गाडीच्या वयाप्रमाणे, तीन ते चार वर्षांना २५. हे सगळं पॉलिसीतच छापलेलं असतं, तिथे सर्व्हेअरच्या हातात काही नसतं. पेंटिंगचंही बरोबर आहे. बिलाचा चौथा हिस्सा रंगाचा माल धरतात आणि त्याच्या निम्मे कापतात. एअरबॅगबद्दलचा तुमचा राग मला पटतो, पण त्या रागाला पॉलिसीत जागा नाही. टोइंगचे १,५०० तर जुन्या टॅरिफपासूनचे (विम्याच्या जुन्या दरपत्रकापासूनचे) आहेत. डिझेल कुठून कुठे गेलं, तो आकडा तिथेच बसून आहे.

इंजिनचं मात्र सोडू नका. ती अट मीही लावलेली आहे. अपघातानंतर गाडी बेवारस सोडू नका, पुढचं नुकसान टाळण्याची योग्य काळजी घ्या, आणि दुरुस्तीआधी चालवलीत तर वाढलेलं नुकसान तुमचं, असा तिचा आशय आहे. ती लिहिली आहे ती फुटक्या गाडीने शंभर किलोमीटर घर गाठणाऱ्यांसाठी. रात्री जंगलात, जनावर समोर, रेंज नाही, म्हातारं माणूस गाडीत, अशा वेळी पहिल्या सुरक्षित जागेपर्यंत नेणं हीच योग्य काळजी, असं ठामपणे मांडता येतं. जिंकालच असं म्हणत नाही. अटीचे शब्द कंपनीच्या बाजूचे आहेत. पण सगळे ७४ हजार एका फटक्यात उडवणं मला पटत नाही. रेडिएटर धडकेत फुटला हे त्यांनी मान्य केलंय, म्हणजे मूळ कारण विम्यातलंच आहे.

आधी सर्व्हे रिपोर्टची प्रत लेखी मागा. "म्हणे"वर काही लिहू नका. मग त्या ९ किलोमीटरचा आधार विचारा. तुमच्याकडे टोइंगची पावती असेल, तिच्यावर गाडी कुठून उचलली ते असतं. फोनचं लोकेशन चालू असेल तर टाइमलाइनचे फोटो काढून ठेवा. वनखात्याला कळवलं होतं का?

रंकाळ्याचा_वारा

हो सर, दुसऱ्या दिवशी सकाळीच. वनरक्षक जागेवर येऊन गेले, पंचनामा झाला. बंपरच्या तुकड्यांचे फोटो त्यात आहेत, जागा पण लिहिलीय. गवा मिळाला नाही, त्यामुळं तो बरा असावा असं ते म्हणाले. माझ्यापेक्षा लवकर सुटला.

निवृत्त_सर्व्हेअर

मग तुमचं काम निम्मं झालं. पंचनाम्यातली जागा आणि टोइंगच्या पावतीवरची जागा, यांतलं अंतर कुणीही मोजू शकतो. प्रमाणित प्रत काढून घ्या.

वाशिष्ठीकाठची (चिपळूण)

२०२१ च्या पुरात आमची गाडी दोन दिवस पाण्यात होती. चालू केली नव्हती, तरी "चालू केल्यामुळे इंजिन गेलं" असं लिहून क्लेम कापला होता. विमा लोकपालांकडे (विमा कंपन्यांविरुद्धच्या तक्रारी सोडवणारे अधिकारी) गेलो. वकील लागला नाही, फी नाही. अर्ज माझ्या मिस्टरांनी मराठीतच लिहिला. बराचसा भाग मिळाला, पण वेळ लागला हो, लगेच होईल असं समजू नका.

आधी कंपनीच्या तक्रार विभागाला लेखी द्यायचं. महिनाभर उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर लोकपाल, नकार आल्यापासून वर्षाच्या आत. तुम्हाला पुण्याचं ऑफिस लागेल. ग्राहक आयोगात आधी केस टाकलीत तर लोकपाल घेत नाहीत, म्हणून क्रम चुकवू नका. लोकपालांचा निकाल कंपनीवर बंधनकारक असतो, आपल्यावर नाही. आपल्याला पुढे आयोगाचा रस्ता मोकळा राहतो.

आणि एक. गाडी सोडवताना वर्कशॉपवाला एक कागद पुढे करेल, त्यात "पूर्ण व अंतिम समाधान" अशा अर्थाचं काहीतरी असेल. घाईत सही करू नका. आम्ही सहीच्या वर "इंजिनच्या रकमेबाबत हक्क राखून" असं पेनाने लिहिलं होतं. काउंटरवरचा मुलगा वैतागला, पण गाडी दिली.

रंकाळ्याचा_वारा

ताई, हे सोन्यासारखं सांगितलंत. उद्याच वर्कशॉपात तो कागद येणार होता. घसाऱ्याचं सोडून दिलं, एअरबॅगचं मनातनं सोडणार नाही पण कागदावर सोडलं. रिपोर्टच्या प्रतीसाठी आत्ताच मेल टाकला. एजंटचं काय करायचं ते वेगळं बघतो, व्हॉट्सअपचे स्क्रीनशॉट आहेत.

ठाण्याचा_ट्रॅफिक

एजंटचं वाचून माझीही पॉलिसी उघडली. झिरो डेप आहे, पण "वर्षाला दोनच क्लेम" असं बारीक अक्षरात लिहिलंय. हौसेचं बोललो ते मागे घेतो. रिपोर्ट आला की इथे टाका, नाव-नंबर खोडून.