वाद्यंही पुरात बुडतात
‘पूरग्रस्तांच्या मदतीसाठी होणाऱ्या मैफलींचा निम्मा पैसा मंच आणि दिव्यांवरच उडतो, त्यापेक्षा थेट देणगी द्या’ असं या चर्चेत कुणीतरी लिहिलंय. शंका रास्त आहे, पण सरसकट लावू नका. अमेरिकेतल्या हेलीन चक्रीवादळानंतर २६ ऑक्टोबर २०२४ ला नॉर्थ कॅरोलायनातल्या शार्लट शहराच्या स्टेडियममध्ये ‘कॉन्सर्ट फॉर कॅरोलायना’ झाली. त्यात ल्यूक कोम्स, एरिक चर्च या कंट्री गायकांबरोबर आपला ब्लूग्रासवाला (ब्लूग्रास म्हणजे तारवाद्यांवरचं अमेरिकन लोकसंगीत) बिली स्ट्रिंग्जही होता, आणि २ कोटी ४० लाख डॉलरच्या वर निधी जमला. गावातल्या ब्लूग्रास मैफलीला तर खर्च असतो कितीसा? बँजो, मँडोलिन, फिडल (म्हणजे व्हायोलिनच), गिटार, उभा बास आणि बऱ्याचदा मध्ये एकच माइक. ज्याची पाळी तो पुढे सरकतो, वाजवून मागे होतो.

एक मुद्दा मात्र कुणीच काढला नाही. ब्लूग्रासचं घर असलेल्या, पूर्व अमेरिकेतल्या अ‍ॅपलाचियन डोंगरात पूर येतो तेव्हा वाद्यंही जातात. जुलै २०२२ मध्ये पूर्व केंटकीतल्या हिंडमन गावात ट्रबलसम क्रीक या ओढ्याचं पाणी गिटारी बनवणाऱ्या कारखान्यात शिरलं. व्यसनातून बाहेर पडणाऱ्यांना तिथे काम मिळतं, म्हणजे रोजगारही बुडाला. फिडलचे सांधे प्राण्यांच्या कातड्यापासून केलेल्या सरसाने जोडतात. पाण्यात सरस सुटतो, वरची फळी अलग होते. ती पुन्हा बसवता येते, पण घाईने उन्हात ठेवली तर लाकूड तडकतं. कारागिराकडेच द्यावी लागते, आणि ते काम स्वस्त नाही. तिकीट काढताना आयोजकांना जरूर विचारा, वाद्यदुरुस्तीसाठी काही बाजूला ठेवलंय का?