सॅक्सोफोनवाल्या अंकलच्या टेप्स वाचवायच्या आहेत, मदत हवी आहे

मडगावला आमच्या शेजारचे अंकल गेल्या महिन्यात गेले. १९६०च्या दशकात मुंबईत दिवसा सिनेमाच्या रेकॉर्डिंगला आणि रात्री हॉटेलात जॅझ, दोन्हीकडे टेनर सॅक्सोफोन वाजवायचे. नाव कुठेच नाही. पडद्यावर संगीतकाराचं नाव यायचं, वादकांचं नाही. माजोर्ड्याचे व्हायोलिनवादक अँथनी गोन्साल्विस (१९२७-२०१२) निदान शिष्य प्यारेलालच्या (लक्ष्मीकांत-प्यारेलाल जोडीतले) ‘माय नेम इज अँथनी गोन्साल्विस’ या गाण्यामुळे घरोघरी पोचले, तरी कित्येकांना ते काल्पनिकच वाटतात! आमच्या अंकलना ऐकणारे आम्ही चार शेजारी. संध्याकाळी बाल्कावावर (घरापुढच्या बैठकीच्या ओट्यावर) बसून आधी रीड, म्हणजे सॅक्सोफोनच्या तोंडाशी लावायची वेताची पट्टी, तोंडात भिजवायचे, मग एकच सूर किती वेळ घोटायचे.

आंटीने त्यांची ट्रंक माझ्याकडे सोपवलीय. सात स्पूल टेप (मोठ्या चकतीवर गुंडाळलेली जुनी ध्वनिफीत), हाताने लिहिलेल्या नोटेशनच्या वह्या आणि सॅक्सोफोन. दोन टेपांना पांढरी बुरशी आहे, एकीला व्हिनेगरसारखा वास येतोय. मशीनवर लावायची हिंमत होत नाही. गोव्यात कुणी स्पूल डिजिटल करून देतं का? पाऊस तोंडावर आलाय, तोवर टेप ठेवू कशा? सॅक्सोफोनचे पॅडही (भोकं झाकणाऱ्या गाद्या) कुजलेत, ते बदलणारा कारागीर कोण? आणि नोटेशन वाचून धून ओळखणारं कुणी भेटलं, तर चहा-पोई (गोव्याचा पाव) माझ्याकडून.