शाळेच्या दारू परवान्यावर शेजाऱ्यांनी काय लिहावं
वर एका ताईंनी विचारलंय की इंग्लंडमध्ये त्यांच्या गल्लीतली प्राथमिक शाळा कार्यक्रमांत दारू ठेवणार आहे, तर शेजाऱ्यांनी काय करावं. ताई, आधी अर्ज कसला आहे ते बघा. उन्हाळी जत्रा, क्विझची रात्र असलं काही असेल तर पालक-शिक्षक संघातलं कुणीतरी २१ पौंड भरून कौन्सिलला, म्हणजे तिथल्या नगरपालिकेला, त्या एका कार्यक्रमापुरती तात्पुरती नोटीस देतं. ४९९ माणसांपर्यंत ती चालते. तिच्यावर हरकत फक्त पोलीस आणि पर्यावरण आरोग्य विभाग घेऊ शकतात, शेजारी नाही. पण फाटकावर फिकट निळा कागद लावलेला दिसला तर तो कायमच्या परवान्याचा अर्ज. त्यावर २८ दिवसांत आपलं म्हणणं लेखी देता येतं.

आमच्या गल्लीत असा कागद लागला तेव्हा समोरच्या आजोबांची वाइनबद्दल तक्रार नव्हती. हॉल भाड्याने दिला की रात्री अकराला गाड्यांची दारं धाडधाड आपटतात, त्याने त्यांची झोपमोड व्हायची. पलीकडचे एक गृहस्थ दारू सोडलेले. मुलीच्या नाटकाला तरी समोर ग्लास नको, एवढंच ते म्हणाले. मला त्यांचं पूर्ण पटलं. शाळेला पैसे लागतात हे खरंय, पण मुलं हजर असताना बार नकोच.

पत्रात पार्किंग किंवा घरांच्या किमती आणू नका, ते धरत नाहीत. २००३ च्या परवाना कायद्यात चारच मुद्दे आहेत: गुन्हे, सार्वजनिक सुरक्षितता, उपद्रव आणि मुलांचं रक्षण. त्यांना धरून अटी मागा. वर्षाला ठरावीकच दिवस, दहाला बार बंद, गाणी सुरू असताना खिडक्या लावलेल्या.