फ्रान्सच्या खेड्यात जुनं दगडी घर, एक आठवडा: सल्ला हवा

दगडफूल
मेअखेरीस सात रात्री. सहा जण: सासू-सासरे (दोघांचे गुडघे कुरकुरतात), आम्ही दोघं, दोन मुलं. नीट डागडुजी केलेलं जुनं घर हवंय, स्वयंपाकघरासकट. घरासाठी ९०० युरो, त्यात बसलंच पाहिजे. प्रोव्हान्स, दोर्दोन्य की बरगंडी? 'जीत' (स्वयंपाकघरासकट भाड्याचं स्वतंत्र घर) घ्यावं की 'शांब्र दोत'?

पोटोबा
लुआरच्या खोऱ्यात शातो (जुना गढीवजा वाडा) घ्या. जायचंच एवढ्या लांब तर ९०० चं काय घेऊन बसलात?

रानजाई
वरच्यांनी बजेट वाचलेलं दिसत नाही.
शांब्र दोत म्हणजे मालकाच्या घरातल्या खोल्या. कायद्याने जास्तीत जास्त पाच खोल्या आणि पंधरा माणसं, न्याहारी भाड्यात. स्वयंपाक करायचा तर जीतच. मे महिन्यात जुलै-ऑगस्टपेक्षा भाडं बरंच उतरलेलं असतं, पण जाहिरातीतला आकडा शेवटचा धरू नका. चादरी-टॉवेल, जातानाची साफसफाई, हीटिंग आणि पर्यटन कर (फक्त प्रौढांना, माणशी दर रात्री) वेगळे लागू शकतात. जाड भिंतींच्या घरात मे महिन्यातही रात्री गारठा असतो, तेव्हा हीटिंग भाड्यात आहे का ते लेखी विचारा.
आणि 'जीत द फ्राँस' या संस्थेची एक ते पाच कणसं (हॉटेलच्या ताऱ्यांसारखी प्रतवारी) सोयींसाठी असतात, देखणेपणासाठी नाहीत. दोन कणसांचं घर पाच कणसांच्या घराहून सुंदर असू शकतं.

लाल डबा
दोर्दोन्य. दुसरा विचारच नको. तिथल्या सार्ला गावचा बाजार बुधवारी आणि शनिवारी. पॅरिसहून गाडीने जाताना व्हिएरझोंपासून ब्रीव्हपर्यंतचा ए२० महामार्ग बिनटोलचा आहे. ऑटोमॅटिक गाडी आत्ताच बुक करा, आयत्या वेळी मिळत नाही आणि महागही पडते. क्रेडिट कार्ड गाडी चालवणाऱ्याच्याच नावाचं लागतं, डेबिट कार्ड बरेच जण घेत नाहीत. गावात पाटी नसेल तर उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं, मग तो गल्लीतून का येईना.

पोटोबा
ऑटोमॅटिक कशाला? गिअर टाकता येत नाही त्याने गाडी चालवूच नये.

लाल डबा
डाव्या हाताची सवय असलेल्याला उजव्या हाताने, उजव्या बाजूच्या रस्त्यावर, चढावर गिअर टाकायला लावा आणि मागे सासूबाई बसवा. मग बोलू.

चुनखडी
गाडीचं भांडण दुसऱ्या धाग्यावर न्या. घराचे फोटो मोठे करून दगडांमधल्या दरजा बघा. फिकट पिवळसर आणि जराशा भुसभुशीत दिसल्या तर चुन्याच्या. टणक, करड्या असतील तर कोणीतरी सिमेंट भरलंय. दगड-मातीच्या भिंतीत जमिनीतून ओल चढते. चुन्यातून ती बाहेर पडते, सिमेंट तिला कोंडून ठेवतं. मग आतला गिलावा फुगतो, खालच्या हातभर भागात पापुद्रे सुटतात आणि गाद्यांना कुबट वास येतो. पलंगामागच्या भिंतीचा फोटो मागवा. नुकतं रंगवलेलं असेल तर आणखीच बारकाईने बघा.

फोडणीचा पोळा
स्वयंपाकघराबद्दल कोणी बोलत नाहीये. शेगडी बहुधा इंडक्शन किंवा काचेची. ॲल्युमिनियमचा कुकर इंडक्शनवर चालत नाही, स्टीलचा इंडक्शनवाला न्या. जुन्या घरांत वीजजोडणी कधीकधी कमी क्षमतेची, ६ केव्हीएचीच असते: शेगडी, ओव्हन आणि वॉशिंग मशीन एकदम लावलं की अंधार. आधी दोन उपकरणं बंद करा, मग हिरव्या लिंकी (विजेच्या स्मार्ट) मीटरचं + बटण दाबून धरा.
गावाबाहेर मलवाहिनी नसते, मैलाटाकी असते. ओले वाइप्स टाकायचे नाहीत, उरलेलं तेल बेसिनमध्ये ओतायचं नाही. तळणाचा धूर स्मोक डिटेक्टरला चालत नाही, खिडकी उघडा. संडासात जेट नसतो, मग्ग्याची सोय करा.

रानजाई
चादरींचं विसरू नका.

लाल डबा
+१, चादरी. शनिवारी दुपारी चारच्या पुढे किल्ली मिळते. वाटेतच किराणा भरा, रविवारी दुपारनंतर खेड्यात बहुतेक सगळं बंद.

चुनखडी
व्हिसा हातात येईपर्यंत पूर्ण पैसे भरू नका. करारात आगाऊ रक्कम 'आर' लिहिली असेल तर ती सोडून माघार घेता येते. 'अकाँत' असेल तर करार पक्का झाला, मालक पूर्ण भाडंही मागू शकतो. शेंगेन व्हिसासाठी राहण्याचा पुरावा म्हणून पत्ता, तारखा आणि सहाही नावं असलेला करार घ्या.

दगडफूल
सगळ्यांचे आभार, वाचनखूण साठवली. शेवटी बरगंडीत, बोनला, जुन्या तटाच्या आतलं द्राक्षबागायतदाराचं घर पाहिलंय. ८४० युरो, चादरी धरून. गाडी घेत नाही. पॅरिसहून दिजाँ टीजीव्हीने (वेगवान रेल्वे), तिथून लोकल. सासऱ्यांना चालत बाजार, मुलांना द्राक्षमळ्यांतून सांतने गावापर्यंत सायकलचा रस्ता.

लाल डबा
हे खेड्यातलं घर नव्हे, शहरातलं. गाडीशिवाय फ्रान्सचं खेडं दिसत नाही.

पोटोबा
तेवढ्यात शातोत दोन रात्री झाल्या असत्या.

चुनखडी
तटाच्या आतली घरं उभी असतात: खाली स्वयंपाकघर, निजायच्या खोल्या वर, मध्ये गोल दगडी जिना. पायऱ्या आतल्या बाजूला चार बोटं उरतात, कठडा नसतो, कधी नुसता दोर. खालच्या मजल्यावर पलंग आणि संडास आहे का ते विचारा, जिन्याचा फोटो मागवा, मगच आगाऊ रक्कम द्या.