तुंबलेल्या पाण्यातून सुसाट जाणाऱ्या गाड्या

प्रश्न: पणजीतल्या मळा भागात पाणी तुंबलं तरी मोठ्या गाड्या वेग कमी करत नाहीत. लाट अंगावर येऊन स्कूटर बंद पडली तर काय करावं?

उत्तर १: आधी चावी बंद. स्टार्टर अजिबात मारू नका! एअर फिल्टरमधून पाणी इंजिनाच्या सिलिंडरमध्ये गेलं असेल तर ते दाबलं जात नाही, पिस्टनचा दांडा (कनेक्टिंग रॉड) वाकतो. गाडी ढकलत कोरड्यात न्या, स्पार्क प्लग काढून किक मारा, पाणी बाहेर पडेल. इंजिन ऑइल दुधाळ दिसलं, म्हणजे त्यात पाणी मिसळलं, तर बदलाच.

उत्तर २: चारचाकीवाल्यांनो, पहिला गिअर, माणसाच्या चालीचा वेग. सुसाट गेलात तर पाणी तुमच्याही इंजिनात शिरतं. आणि चालत्या गाडीचे हॅझर्ड दिवे (चारही इंडिकेटर एकदम) बंद ठेवा, ते चालू असले की मागच्याला वळण कळत नाही.

उत्तर १: बाहेर आल्यावर ब्रेक हलके दाबत सुकवा.