लेझर प्रिंटरमधून थेट कॉपर बोर्डवर प्रिंट, जमतं का?

सोल्डर_धूर: मंडळी, घरात एक जुना लेझर प्रिंटर पडून आहे, चालतो. पीसीबी (सर्किटचा बोर्ड) घरीच करतो, ग्लॉसी कागदावर सर्किटची प्रिंट काढायची आणि ती तांब्यावर ठेवून इस्त्री मारायची, म्हणजे ठसा बोर्डावर उमटतो, पण कडेचे ट्रॅक (सर्किटच्या रेघा) कुठे पसरतात कुठे उठतच नाहीत. म्हटलं मधे कागद हवाच कशाला, प्रिंटर उघडून सरळ कॉपर क्लॅडच (तांब्याचा थर असलेला बोर्ड) आत सरकवलं तर? कोणी केलंय का?

भंगारप्रेमी: होतं, पण आधी जाडी बघ. दुकानातला नेहमीचा बोर्ड १.६ मिमीचा, आणि बऱ्याच प्रिंटरांत कागद वळसा घेऊन वर येतो, तिथे तो अडकणारच. एकतर वाट सरळ कर नाहीतर ०.२ मिमीच्या आसपासचं पातळ क्लॅड आण आणि ए४ कागदावर चिकटवून पाठव, कारण सेन्सरला वेळेत कागद दिसला नाही की पेपर जॅम म्हणून ओरडतो. टेप कॅप्टॉनचीच (उष्णता सोसणारी), सेलोटेप फ्यूजरमध्ये, म्हणजे टोनर वितळवून चिकटवणाऱ्या तापत्या भागात, वितळते.

ओहमचा_नातू: जाडीचं निभावेल हो, खरी गोची चार्जची आहे. ड्रमवरचा (चित्र आधी ज्यावर उमटतं तो रूळ) टोनर, म्हणजे शाईची पूड, कागदावर ओढला जातो तो मागच्या ट्रान्स्फर रोलरच्या व्होल्टेजमुळे, कागद इन्सुलेटर म्हणून चार्ज टिकतो. तांबं कुठे चासीला (प्रिंटरच्या धातूच्या सांगाड्याला) टेकलं की चार्ज गेला, ट्रॅक फिके. म्हणून चारी कडांना टेप. शिवाय तांबं उष्णता खेचतं, टोनर अर्धवट वितळतो, बाहेर आल्यावर बोट लावू नको, आधी हॉट प्लेटवर भाजून घे.

सोल्डर_धूर: बाप रे. आणि मिरर करायचं ना, म्हणजे आरशातल्यासारखं उलटं?

ओहमचा_नातू: इथेच सगळे फसतात. कागदावरून छापताना बॉटम लेयर (बोर्डाच्या खालच्या बाजूचं चित्र) मिरर न करता काढतो, कारण ठसा उमटताना आपोआप उलटतो. थेट छापलं तर मिरर हवंच, नाहीतर आयसीच्या (चिपच्या) पिना उलट्या. पण खरं सांगू का, तुझा वैताग इस्त्रीचा आहे, प्रिंटरचा नाही. सेकंडहँड लॅमिनेटर घे, बोर्ड आत जातोय ना बघून घे, चार-पाचदा फिरव, दाब सगळीकडे सारखा पडतो.

भंगारप्रेमी: हे पटलं. काही लोक मेलेल्या प्रिंटरचा फ्यूजर काढून त्याचाच लॅमिनेटर करतात, पण त्यात २३० व्होल्ट असतात भावा, थर्मल फ्यूज (जास्त तापलं की वीज तोडणारा) बायपास करू नकोस.

सोल्डर_धूर: मग आधी लॅमिनेटरच शोधतो. प्रिंटर उघडायची खाज मात्र आहेच 😄

भंगारप्रेमी: उघड की, फक्त ड्रमवर ऊन पडू देऊ नको.