आय-१३० (बायकोला अमेरिकेत बोलवायचा अर्ज) भरून तेरा महिने झाले, अजून अप्रूव्हल नाही. नागपूरचं कोणी या रांगेतून गेलंय का?

खामल्याची_पोट्टी

नमस्कार, इथे पहिल्यांदाच लिहून राहिली, लांबलं तर सांभाळून घ्या.

लग्न फेब्रुवारी २०२४ ला झालं, इथेच नागपुरात. नवरा न्यू जर्सीला असतो. सतरा दिवसांची सुट्टी घेऊन आला होता, त्यात लग्न, सत्यनारायण, कुलदेवी, मॅरेज सर्टिफिकेटच्या सह्या सगळं उरकलं आणि गेला. एप्रिलमध्ये त्याने माझी आय-१३० ऑनलाईन भरली, ६२५ डॉलर फी. तेव्हा ज्याला त्याला विचारलं तो म्हणे वर्षभरात जाशील, माझ्या मैत्रिणीची जाऊ चौदा महिन्यांत गेली पण. म्हणून मी मिहानमधली नोकरी सोडून दिली, नोटीस पिरियड वगैरे सगळं करून, आणि आता घरी बसून रोज रात्री केसचा तो आयओई वाला नंबर टाकून बघते. केस वॉज रिसीव्हड. एवढंच. तेरा महिन्यांत एक अक्षर बदललं नाही.

बाहेर पंचेचाळीस डिग्री, कूलर घरघर करून राहिला, त्याच्याकडे दुपार असते तेव्हा इकडे रात्र, लंच ब्रेकमध्ये तो वीस मिनिटं बोलतो आणि त्यातली दहा मिनिटं "बघितलं का गं स्टेटस" यातच जातात. मागच्या उन्हाळ्यात आईने मला न्यायला म्हणून कुरडया केल्या होत्या, त्या आम्हीच तळून खाल्ल्या, यंदा परत केल्या. कोणाच्या लग्नात जायची सोय राहिली नाही, पंगतीत बसल्या बसल्या पहिला प्रश्न, कधी जाऊन राहिली अमेरिकेला?

तर विचारायचं असं की अजून किती दिवस लागतील अप्रूव्हलला? तोवर टुरिस्ट व्हिसावर जाऊन दोन-तीन महिने राहून येता येईल का? आणि नवरा म्हणतो मीच सात-आठ महिने नागपूरला येऊन राहतो, इथूनच काम करतो, त्याचा मॅनेजर हो म्हणतोय. ते केलं तर काही बिघडतं का?

तर्रीपोहा

ताई एक गोष्ट तुम्ही सांगतलीच नाही. मिस्टर सिटीझन हायेत का ग्रीन कार्डवर? सगळं त्याच्यावरच हाय ना बाप्पा. तुमच्या मैत्रिणीच्या जावेचा नवरा कोण होता ते पण विचारून घ्या एकदा.

खामल्याची_पोट्टी

ग्रीन कार्ड. ऑगस्ट २०२२ ला मिळालं, कंपनीकडून. जावेचा नवरा आत्ता फोन करून विचारला, तो सिटीझन आहे म्हणे. एवढा फरक पडतो का?

जर्सीवाली_ताई

अगं पोरी, फरक म्हणजे सगळाच. मी यातून गेले आहे, धंतोलीची आहे मूळची, आता एडिसनला, म्हणून जरा सविस्तर लिहिते, चहा घेऊन बस.

सिटीझनची बायको म्हणजे इमिजिएट रिलेटिव्ह. तिला वर्षाला इतकेच व्हिसा असा कोटा नाही. पिटिशन, म्हणजे हीच आय-१३०, अप्रूव्ह झाली की फाईल सरळ एनव्हीसीकडे म्हणजे नॅशनल व्हिसा सेंटरला जाते, कागद भर, पैसे भर, इंटरव्ह्यू. तिच्यासाठी अप्रूव्हल हाच मोठा दरवाजा.

तुझा नवरा ग्रीन कार्डवाला, म्हणजे तू एफ२ए मध्ये. या कॅटेगरीला वर्षाला साधारण ८८ हजार व्हिसा असतात, सगळ्या जगातल्या ग्रीन कार्डवाल्यांच्या बायका, नवरे आणि लहान मुलं मिळून. त्यामुळे तुझी रांग दोन ठिकाणी आहे आणि तू रोज रात्री बघतेस ती लहान रांग. मोठी रांग व्हिसा बुलेटिनमध्ये आहे. दर महिन्याच्या मध्यावर स्टेट डिपार्टमेंट पुढच्या महिन्याचं बुलेटिन टाकतं, त्यात एफ२ए समोर एक तारीख असते. तुझी पिटिशन ज्या दिवशी त्यांना मिळाली ती तुझी प्रायॉरिटी डेट, एप्रिल २०२४. बुलेटिनमधली ती (फायनल ॲक्शनची) तारीख तिच्यापुढे सरकली की मग तुझा नंबर. मे २०२५ च्या बुलेटिनमध्ये ती २०२२ च्या सुरुवातीला उभी होती. म्हणजे उद्या सकाळी अप्रूव्हल आलं ना, तरी फाईल एनव्हीसीत जाऊन कपाटात बसेल. वर्षाला एकच वर्ष पुढे सरकते असंही काही नाही, कधी सहा महिने हलत नाही, कधी एकदम उडी मारते, म्हणून कोणी महिने मोजून सांगितले तर विश्वास ठेवू नको, माझ्यावर पण.

एक बरं आहे, नोकरीवाल्या ग्रीन कार्डात भारताची जी वेगळी लांबलचक लाईन असते तसली इथे नाही, एफ२ए मध्ये बहुतेक व्हिसा देशाचा कोटा न लावता देतात. आणि लोक तुला वर्षभरात जाशील म्हणाले ते खोटं बोलत नव्हते, जुलै २०१९ पासून मार्च २०२३ पर्यंत एफ२ए करंट होती, म्हणजे रांगच नव्हती, तेव्हा खरंच तसं होत होतं. एप्रिल २०२३ पासून तारीख लागली. आपल्या लोकांना जुनीच गोष्ट माहीत असते.

लग्न आधी की ग्रीन कार्ड आधी, हे मी मुद्दाम परत विचारते. लग्न आधीचं असतं तर ही आय-१३० लागलीच नसती, फॉलो टू जॉइन करून, म्हणजे त्याच्याच ग्रीन कार्डाच्या मागोमाग, गेली असतीस.

खामल्याची_पोट्टी

ग्रीन कार्ड आधी ताई. लग्न दीड वर्षाने. आमचं ठरलं २०२३ च्या दिवाळीत, त्याच्या आईने तेव्हा अगदी कौतुकाने सांगितलं होतं की मुलाचं ग्रीन कार्ड झालेलं आहे, काही टेन्शन नाही. आणि माझ्या बाबांनी तेच चार लोकांना सांगितलं.

म्हणजे तो एच-वन, नोकरीच्या व्हिसावर असता तर मी एच-फोर, त्याच्या बायकोच्या व्हिसावर कधीच गेली असती?

जर्सीवाली_ताई

हो. बायोडाटात ग्रीन कार्ड लिहिलेलं बघून लोक खूश होतात, आणि नवीन बायकोसाठी नेमकं तेच अवघड पडतं. कार्ड हातात आल्यावर एच-फोरचा रस्ता बंद. माझ्या सासरी पण कोणाला माहीत नव्हतं, नवऱ्याला पण नाही, आणि तो इतका हुशार समजतो स्वतःला.

आता तुझा तिसरा प्रश्न, कारण तो सगळ्यात महत्त्वाचा आहे. नवऱ्याला सात-आठ महिने नागपूरला राहू देऊ नको. अजिबात नको. त्याला सिटीझनशिपसाठी पाच वर्षं सलग रेसिडेन्स दाखवावा लागतो आणि त्यातले ३० महिने प्रत्यक्ष तिकडे राहिलेलं पाहिजे. एका खेपेला सहा महिन्यांपेक्षा जास्त बाहेर राहिला की सलगपणा तुटला असं धरतात, मग तुटला नाही हे त्याने सिद्ध करत बसायचं. आणि तुझी सुटका त्याच्या सिटीझनशिपमध्येच असू शकते. ऑगस्ट २०२२ म्हणजे पाच वर्षं ऑगस्ट २०२७ ला, सिटीझनशिपचा एन-४०० फॉर्म ९० दिवस आधी भरता येतो, म्हणजे मे २०२७ मध्ये. ज्या दिवशी त्याची शपथ होईल त्या दिवशी तू एफ२ए मधून इमिजिएट रिलेटिव्ह, परत नवीन आय-१३० नको, सर्टिफिकेटची कॉपी पाठवायची, फाईल एनव्हीसीत असेल तर त्यांना, पिटिशन अजून अडकलेली असेल तर यूएससीआयएसला, म्हणजे जिथे ती भरली त्या ऑफिसला. तोपर्यंत एफ२ए ची तारीखच आली तर उत्तम, दोन्हीपैकी जे आधी होईल ते. वर्षातून दोनदा चार-पाच आठवडे येऊ दे त्याला, बास.

तर्रीपोहा

ताईनं बरोब्बर सांगतलं. माह्या बहिणीचे मिस्टर कोरोनात इकडे अडकले होते दहा महिने, त्याच्यावरून इंटरव्ह्यूत लय विचारलं त्यायले. घरभाडं, टॅक्स, विजेचं बिल, सगळं दाखवा लागलं.

अन् स्टेटस रोज पाहू नका जी. आमची बहीण पाहे तर बीपी वाढे. यूएससीआयएसच्या साईटवर नॉर्मल टाईमची तारीख असते, तुमची केस त्याच्या बाहेर गेली का मंग चौकशी टाकता येते. मिस्टरच्या एरियातल्या काँग्रेसमनच्या ऑफिसातून पण विचारता येते, फुकट असते. पण बुलेटिनची तारीख काँग्रेसमनच्या बापाच्यानं पण हालत नाही.

संत्राबर्फी_८८

टुरिस्ट व्हिसाचं माझ्याकडून ऐक. मी पण तुझ्यासारखीच, २०२३ ला प्रयत्न केला. डीएस-१६० फॉर्ममध्ये सरळ प्रश्न असतो, तुमच्यासाठी कोणी इमिग्रंट पिटिशन भरली आहे का. हो लिहिलं. एजंट म्हणत होता नाही लिहा, बरं झालं ऐकलं नाही, खोटं पकडलं गेलं तर जन्माची बंदी लागू शकते. मुंबईला विदर्भ एक्सप्रेसने गेली, रात्रभर डोळा लागला नाही, खिडकीवर दोन मिनिटं. नवरा कुठे असतो, काय करतो, आणि हातात तो कागद, २१४ बी. परत येशील याची खात्री पटली नाही असा त्याचा अर्थ. खरं सांगू तर मी खिडकीवरच्या त्या बाईच्या जागी असती तर मलाही नसती पटली. तुझी तर नोकरी पण सोडलेली. कोणाला मिळतो कोणाला नाही, पण फी, तिकीट, सुट्टी सगळं धरून विचार कर.

आणि एक, पुढे बाळ झालं तर लक्षात ठेव. आमची मुलगी इथलीच, नागपूरची. एफ२ए मध्ये ती माझ्याच पिटिशनवर सोबत येणार होती. नवरा सिटीझन झाला, आम्ही इकडे बर्फी वाटली, आणि आठवड्याने कळलं की इमिजिएट रिलेटिव्हमध्ये मूल सोबत येत नाही, तिची वेगळी आय-१३०. बर्फी कडू झाली अक्षरशः. कोणीच सांगितलं नव्हतं.

मानेवाडा_रिंगरोड

मी जाऊन परत आलेला माणूस आहे, बायको तिकडे नोकरीला, मी डिपेंडंट, ते जाऊ द्या. माझं एकच म्हणणं, वाट बघायचा वेळ कागदांवर घालवा.

जन्माचा दाखला काढून बघा, आज बघा. आपल्या वेळी दवाखान्यातून नोंद जायची तेव्हा नाव ठेवलेलं नसायचं, बारसं नंतर. माझ्या दाखल्यावर नावाच्या रकान्यात नुसती रेघ होती, आईचं नाव पण माहेरचं. ते नाव घालून घ्यायला माझ्या चार चकरा झाल्या, एकदा साहेब नाही, एकदा सर्व्हर नाही. कुठल्या झोनमध्ये ते सांगत नाही. मॅरेज सर्टिफिकेट, पासपोर्ट आणि दाखला, तिन्हीवर स्पेलिंग एक आहे का तेही बघा, वहिनींचं मधलं नाव एकीकडे बाबांचं आणि एकीकडे मिस्टरांचं असतंच असतं. मराठीतल्या कागदांना इंग्रजी भाषांतर जोडावं लागतं, भाषांतर करणाऱ्याने खाली लिहून सही करायची की मला दोन्ही भाषा येतात आणि हे बरोबर आहे.

पोलीस क्लिअरन्स मात्र आत्ता काढू नका, जुनं झालं की परत काढायला लावतात. मेडिकल पण शेवटी, ते त्यांनी नेमलेल्या डॉक्टरांकडेच होतं. एनव्हीसीचे ३२५ आणि १२० डॉलर बाजूला ठेवा. आणि एनव्हीसीची मेल आली की गप्प बसू नका, नंबर आल्याचं कळवल्यावर वर्षभर काहीच हालचाल केली नाही तर केस बंद करू शकतात.

वकिलाचं म्हणाल तर साध्या केसला गरज नाही असं माझं मत.

जर्सीवाली_ताई

वकिलाबद्दल मी सहमत नाही, आधी कधी व्हिसा नाकारला असेल, दुसरं लग्न असेल तर एकदा दाखवून घ्यावं. हिच्या केसला नको, एवढं खरं.

आणि पोरी, नोकरी धर बाई. दोन वर्षं धरूनच चाल. मी घरी बसले होते आणि सासूच्या मैत्रिणींना चहा देत होते, तो काळ मला परत मिळाला नाही.

खामल्याची_पोट्टी

सगळ्यांना थँक्यू, खरंच. दुपारी वाचलं तेव्हा रडू आलं, आता जरा बरं वाटून राहिलं, निदान कुठली रांग बघायची ते तरी कळलं. जुन्या टीम लीडला मेसेज केला, ती म्हणाली जूनमध्ये एक जागा आहे, सीव्ही पाठव.

नवऱ्याला हे सगळं वाचून दाखवलं. आधी दोन मिनिटं काहीच बोलला नाही, मग विचारलं, पाच आठवड्यांचं तिकीट काढू का, गणपतीत. काढ म्हटलं.

मानेवाडा दादा, दाखला काढून बघितला. रेघच आहे.

मानेवाडा_रिंगरोड

म्हटलं होतं ना. सोमवारी ऑफिस उघडायच्या आधी जाऊन उभ्या राहा, शाळेची टीसी, आधार आणि आईबाबांचं आधार सोबत न्या, ओरिजिनल आणि झेरॉक्स दोन्ही. आणि पाण्याची बाटली, तिथला कूलर बंद असतो.